ओळखा पाहू, हा तुकडा कुठला?

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या गुड मॉर्निंगच्या फुलांना आणि अर्धवट बातम्यांना कंटाळून चिनूनं (माझा मावसभाऊ, कॅनडात असतो) एक कोडं सुरू केलं आणि ते इतकं चाललं की आता रविवारी लोक चहाच्या आधी ग्रुप उघडतात. नियम एकदम सोपे. अवकाशातून काढलेला पृथ्वीचा एक फोटो टाकायचा, त्यावर नाव नाही, उत्तर दिशा कुठं ते नाही, स्केल नाही, आणि बाकीच्यांनी रात्रीच्या जेवणाच्या आत सांगायचं की हा तुकडा कुठला. आयडिया अर्थात चिनूची नाही. नासाची अर्थ ऑब्झर्व्हेटरी असलं कोडं महिन्याच्या महिन्याला टाकत आलीय, आणि स्कॉट केली नावाचा अंतराळवीर २०१५-१६ मध्ये सलग ३४० दिवस स्पेस स्टेशनवर होता तेव्हा तो तर तिथूनच फोटो टाकून लोकांना विचारायचा, सांगा हे कुठंय.

तर आमच्या ग्रुपमध्ये इंजिनियर आहेत, एक भूगोलाची मास्तरीण आहे, दोघंतिघं जगभर फिरलेले आहेत आणि यातलं कुणीही पहिल्या नंबरला नाही. पहिल्या नंबरला आहेत अण्णा. अण्णा म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, सत्तरी कधीच ओलांडली, करमाळा तालुक्यात तलाठी म्हणून अख्खी नोकरी गेली, पासपोर्ट नाही, इंग्लिश जेमतेम. त्यांचं उत्तर नेहमी बरोबर असतं असं नाही हां, देशाचं नाव पुष्कळदा चुकतं, पण "हे कसलं ठिकाण आहे" हे ते बरोबर सांगतात आणि मग देश शोधायला बाकीची पोरंसोरं आहेतच की.

त्याचं कारण माझ्या हळूहळू लक्षात आलं. आम्ही सगळे फोटो उघडला की नदी बघतो, डोंगर बघतो, समुद्राचा किनारा कुठं दिसतोय का बघतो. अण्णा बांध बघतात. आणि माझं आता ठाम मत झालंय की हीच पद्धत बरोबर आहे. नदी काय, सपाटी मिळाली की ती सैबेरियातही तशीच वळणं घेते आणि ॲमेझॉनमध्येही तशीच, वाळवंटाच्या टेकड्या नामिबियाच्या आहेत का सौदीच्या हे सांगायला तुम्ही त्यातले जाणकार पाहिजे. पण शेत कसं कापायचं हे माणसं ठरवतात, म्हणजे कायदा ठरवतो, भावकी ठरवते, पाणी कुठून येतं ते ठरवतं, आणि ते प्रत्येक मुलखात वेगळं असतं.

आधी गोलांचं सांगतो कारण सगळ्यात जास्त भांडणं गोलांवरून होतात. स्केल दिलेलं नसतं ना, त्यामुळे गोल दिसला की कुणीतरी "ज्वालामुखी!!!" म्हणून मोकळा होतो. आपल्या लोणारचा खड्डा १.८ किलोमीटरचा. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये मॅनिकुआगन नावाचं बांगडीसारखं गोल तळं आहे ते साधारण ७० किलोमीटरचं. आफ्रिकेत मॉरिटानियात रिशात म्हणून एक गोलात गोल गोलात गोल असा प्रकार आहे, सहाराचा डोळा म्हणतात त्याला, तो चाळीसेक किलोमीटरचा. मोबाईलच्या स्क्रीनवर तिन्ही सारखेच मोठे दिसतात! आणि तिघांची जातही एक नाही, लोणार आणि मॅनिकुआगन हे उल्का आदळून झालेले, रिशातवर मात्र काहीच आदळलेलं नाही, तिथं जमिनीचा थर खालून वर फुगला आणि मग वाऱ्यापाण्यानं झिजून कांद्यासारख्या चकत्या उघड्या पडल्या. स्केल नसेल तर मग बघायचं काय, तर आजूबाजूला. लोणारच्या कडेला शेतं दिसतात, गाव दिसतं, त्यावरून मापाचा अंदाज येतो. रिशातच्या आसपास काहीच नाही, नुसती वाळू आणि खडक.

एका रविवारी असाच एक गोल आला, गडद हिरवा, अगदी कंपासनं काढल्यासारखा, मधोमध पांढरं टोक आणि बाहेर सगळीकडे फिकट हिरवं. मास्तरणीनं (माझी मामेबहीण, तिला राग येतो मास्तरीण म्हटलं की) लगेच सांगितलं, बर्फाचा डोंगर आहे, ज्वालामुखी. ते बरोबरच होतं. पण अण्णांचा व्हॉइस मेसेज आला, "डोंगर आसंल, पण जंगल आसं गोल वाढत न्हाई. ही हद्द हाय. कुणीतरी मोजून टाकलीय." आणि खरंच तसं निघालं. न्यूझीलंडचा तारानाकी, २५१८ मीटर उंच. १८८१ साली तिथल्या सरकारनं शिखरापासून सहा मैलांच्या आतली झाडं तोडायची नाहीत असं ठरवलं, पुढं १९०० मध्ये त्याचं नॅशनल पार्क झालं, आणि त्या वर्तुळाच्या बाहेरचं जंगल दुभत्या गाईंच्या कुरणांसाठी साफ झालं. म्हणजे सरकारी कागदावर कंपासनं ओढलेली रेघ आज अवकाशातून दिसतीय. तलाठ्याला हे दिसणारच, त्यानं आयुष्यभर वनखात्याची हद्द आणि गावाची हद्द यावरनं लोकांची डोकी फुटताना बघितलेली.

दुसरे गोल म्हणजे शेतातले. हे एकदा कळले की नंतर कधीच चुकत नाहीत. वाळवंटात किंवा कोरड्या माळावर हिरव्या गोलांच्या रांगाच्या रांगा. मधोमध बोअर, तिथून निघालेला चाकांवरचा लांबलचक पाईप, तो घड्याळाच्या काट्यासारखा फिरत फिरत पाणी शिंपडतो म्हणून शेत गोल. फ्रँक झायबाक नावाच्या अमेरिकन शेतकऱ्याला १९५२ मध्ये याचं पेटंट मिळालं. आता गंमत बघा, गोल दिसला म्हणून देश कळत नाही कारण हे मशीन कॅन्ससमध्येही आहे, सौदीतही आहे आणि लिबियाच्या कुफ्रामध्येही आहे. पण गोलांच्या मधल्या जागेकडे बघा. लिबियात गोलाच्या बाहेर लगेच वाळू. कॅन्ससमध्ये प्रत्येक गोल एका चौकोनात बसवलेला, आणि चौकोनाच्या कडेनं रस्ता. तो चौकोन मशीनच्याही आधीचा आहे.

तो चौकोन आला १७८५ च्या कायद्यानं. तेव्हा अमेरिकन सरकारला पश्चिमेकडची जमीन विकून पैसा उभा करायचा होता, तर त्यांनी ठरवलं की सगळी जमीन सहा मैल बाय सहा मैलाच्या चौकोनात मोजायची आणि त्याचे एकेक मैलाचे ३६ तुकडे पाडायचे. मध्ये टेकडी येऊ दे, ओढा येऊ दे, रेघ सरळ. नंतर त्या एक मैलाच्या तुकड्याचा चतकोर म्हणजे अर्धा मैल बाय अर्धा मैल, १६० एकर, हे एका कुटुंबाचं शेत असा हिशोब रूढ झाला. हे मी ग्रुपवर लिहिलं तर अण्णांचा फोनच आला. म्हणाले जमीन मोजायची साखळी किती फुटाची होती त्यांची? मी शोधून सांगितलं, ६६ फूट, एडमंड गंटर नावाच्या इंग्रजानं १६२० च्या सुमाराला काढलेली. पलीकडनं जोरात हसण्याचा आवाज. "आपली तेहतीसची! निम्मी!" मग त्यांनी फोनवरच हिशोब घातला, अर्धा मैल म्हणजे २६४० फूट, भागिले ३३ म्हणजे ८० साखळ्या, ८० गुणिले ८० म्हणजे ६४०० गुंठे, भागिले ४० म्हणजे १६० एकर, काटा बरोबर. तेहतीस फूट बाय तेहतीस फूट म्हणजे गुंठा, हे आपल्याकडं प्लॉट घेणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं, पण तो गुंठा आणि कॅन्ससचा चौकोन एकाच इंग्रजी मापातून निघालेत हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं. आणि त्या १६० एकराच्या चौकोनात बसणारा मोठ्यात मोठा गोल सव्वाशे एकराचा, कोपरे कोरडे. हे कोपरेच अवकाशातून दिसतात.

अजून एक बारकावा. पृथ्वी गोल, त्यामुळे उत्तरेकडे जाणाऱ्या रेघा एकमेकींच्या जवळ येत जातात आणि सगळे चौकोन सारखे ठेवणं अशक्य होतं. म्हणून मोजणीवाल्यांनी ठरावीक अंतरावर रेघ तोडून थोडी बाजूला सरकवून पुन्हा सुरू केली. त्या ठिकाणी तिथले सरळसोट रस्ते अचानक डावी-उजवी करून परत सरळ होतात. फोटोत असा विनाकारण मोडलेला रस्ता दिसला तर अमेरिका किंवा कॅनडाचं माळरान, बिनधास्त सांगा.

कॅनडा म्हटलं तरी क्वेबेकची गोष्ट वेगळी. चिनूनं एकदा सेंट लॉरेन्स नदीचा फोटो टाकला, नदीच्या दोन्ही काठांना काटकोनात लांब लांब पट्ट्या, रुंदी चिमूटभर आणि लांबी मैलभर. तिथं आधी फ्रेंच होते, सतराव्या शतकात. तेव्हा रस्ता म्हणजे नदीच, त्यामुळे प्रत्येकाला नदीला लागून तोंड पाहिजे. मग बाप गेला की पोरांमध्ये वाटणी उभी, म्हणजे प्रत्येकाला नदीचा थोडा थोडा काठ, आणि पट्टी पिढीगणिक बारीक. अण्णांनी यावर एकच ओळ लिहिली, "हे आमच्या विहिरीच्या वाटणीसारखं झालं." अगदी बरोबर, आपल्याकडं नाही का सातबाऱ्यावर विहिरीत अमक्याचा आठ आणे हिस्सा तमक्याचा चार आणे, पाण्याला सगळ्यांचं तोंड लागलं पाहिजे. अमेरिकेत लुइझियानातही अशा पट्ट्या आहेत, तिथंही फ्रेंचच होते. म्हणजे राज्य गेलं, झेंडे बदलले, पण बांध तिथंच.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेलं कोडं बोलिव्हियाचं. तो फोटो मी आजही अधूनमधून उघडून बघतो. गडद हिरव्या जंगलाच्या मधे फिकट रंगाची गोल गोल नक्षी, प्रत्येक गोलाच्या मधोमध एक छोटा ठिपका आणि त्या ठिपक्यापासून चारी बाजूंना पाचरीसारखी निघालेली शेतं, शेजारच्या गोलाला जाऊन भिडलेली. ग्रुपवर काय काय आलं, सोलर प्लांट, मिलिटरी, एलियन (हे ताईच्या मुलाचं), शिवाय पॅरिस असंही एकानं लिहिलं, ते चौकातून फुटणारे रस्ते असतात ना तिकडं, म्हणून. अण्णा दुपारपर्यंत गप्प. मग व्हॉइस मेसेज. "मधी गाव हाय. गावठाण मधी ठिवलंय आणि जमीन कडंनं वाटलीय. प्रत्येकाला घराच्या दारातनं शेतात जाता यावं म्हणून. हे पुनर्वसन हाय."

पुनर्वसन! हा शब्द ऐकून माझ्या अंगावर काटा आला खरं सांगायचं तर, कारण खरोखरच ती पुनर्वसनाची योजना आहे. सांताक्रूझ शहराच्या पूर्वेकडचा सखल भाग, तिएरास बाहास म्हणतात त्याला. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून अँडीजच्या उंच पठारावरच्या लोकांना तिथं आणून वसवलं, जंगल तोडून सोयाबीन. प्रत्येक नक्षीच्या मध्यावर एक वस्ती, तिथं चर्च, शाळा, एखादं हॉटेल आणि फुटबॉलचं मैदान. त्याच्या आजूबाजूला मोठ्या कंपनीवाल्यांची शेतं आहेत ती लांबलचक आयताकृती, आणि त्यांच्या मध्ये गडद बारीक रेघा दिसतात त्या झाडांच्या रांगा, कारण माती इतकी भुसभुशीत की वाऱ्यानं उडून जाते. एकाच फोटोत गरिबांना वाटलेली जमीन आणि पैसेवाल्यांनी घेतलेली जमीन दोन्ही ओळखता येतात, नुसत्या आकारावरून. अण्णांची नोकरी ज्या तालुक्यात गेली तिथं उजनी धरणाचं बॅकवॉटर आहे, नवीन गावठाणाचे प्लॉट, पर्यायी जमीन, कुणाला कुठं मिळाली आणि कुणाला अजून मिळायचीय, हे सगळं त्यांनी दप्तरात लिहिलेलं. बोलिव्हिया कुठं आहे हे त्यांना माहीत नव्हतं. गरजही पडली नाही.

ब्राझीलच्या रोंडोनियाचं याच्या उलट. तिथं जंगलातून आधी एक मोठा रस्ता काढला, त्याला काटकोनात ठरावीक अंतरावर छोटे रस्ते, आणि रस्त्याच्या कडेनं जंगल साफ. वरून माशाच्या काट्याचा सांगाडा दिसतो. हे एकदा बघितलं की झालं.

आता आपल्याकडचं. महाराष्ट्र वरून ओळखायचा कसा? लोकांना वाटतं सोपं आहे, आपलंच तर आहे. अजिबात नाही हो. मे महिन्यातला मराठवाडा एखाद्याला दाखवा, तो इथिओपिया म्हणेल, आणि त्याला दोष देता येणार नाही कारण तिथंही काळा बेसाल्टच आहे, पायऱ्यापायऱ्यांचे सपाट माथ्याचे डोंगर. पावसाळ्यात तर ढगच दिसतात, त्यामुळे आपले चांगले फोटो सगळे ऑक्टोबर ते मे मधले. मग अण्णांच्या पद्धतीनं जायचं. पहिली खूण म्हणजे शेतांना आकारच नाही. कुठलीही बाजू कुठल्याही बाजूला समांतर नाही, ओढ्याच्या कलानं गेलेलं, वाटणीत तुटलेलं, पाणंद आली म्हणून वाकलेलं. (१९४७ सालापासून तुकडेबंदीचा कायदा आहे आपल्याकडं, हे वरून बघून कुणाला पटणार नाही.) पंजाब-हरियाणा बघा, तिथं चकबंदी झाली, म्हणजे विखुरलेले तुकडे एकत्र करून पुन्हा वाटले, तर शेतं कशी पत्र्याच्या पेटीत रचल्यासारखी चौकोनी. एका देशातली दोन राज्यं, पण चुकायचं काम नाही.

दुसरी खूण शेततळी. नाशिक, संगमनेर, सांगलीकडं प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली चौकोनी तळी. ही दिसतात का तर कुठल्या सॅटेलाइटचा फोटो आहे त्यावर आहे. अमेरिकेच्या लँडसॅटच्या फोटोतला एक ठिपका (पिक्सेल) जमिनीवर ३० मीटर बाय ३० मीटरचा, म्हणजे साधारण नऊ गुंठे, त्यात छोटं शेततळं असलं तर एक गडद ठिपका, नसल्यासारखंच. युरोपच्या सेंटिनेल-२ चा ठिपका १० मीटर बाय १० मीटर. शंभर चौरस मीटर. आणि आपला गुंठा १०१ चौरस मीटर! म्हणजे सेंटिनेलचा एक ठिपका म्हणजे जवळपास एक गुंठा. हे मी अण्णांना सांगितल्यापासून ते त्या फोटोला "गुंठेवारी फोटो" म्हणतात आणि खरंच स्क्रीनला बोट लावून ठिपके मोजत एकर काढतात. खुद्द बांध त्यात दिसत नाही हां, दोन-तीन फुटांचा बांध दहा मीटरच्या ठिपक्यात कुठं दिसणार. दिसतो तो पिकाचा फरक, बांधाच्या अलीकडं ऊस आणि पलीकडं रान मोकळं, त्या दोन रंगांच्या मधली रेघ. ज्या दोन भावांनी दोन्हीकडं ऊसच लावला त्यांच्यातला बांध वरून गायब.

उजनीचं तर विचारूच नका. जानेवारीचा आणि मेचा फोटो शेजारी ठेवा. मेमध्ये पाणी मागं सरलेलं असतं आणि पाण्याच्या कडेनं हिरवी झालर दिसते, आजूबाजूचा मुलूख सगळा करपलेला आणि धरणाच्या पोटात हिरवं. बाहेरचा माणूस म्हणेल शेवाळ असेल. ती गाळपेर आहे, पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या जमिनीत लोक पीक घेतात. ही एक खूण मात्र आमच्या ग्रुपवर कुणालाही फसवू शकत नाही.

रंगावर भरवसा ठेवू नका, हे मी ग्रुपवर ओरडून सांगून थकलो. फोटो हिरवा दिसला म्हणून झाडं आणि लाल दिसला म्हणून माती असं नसतं. पुष्कळ सॅटेलाइट आपल्याला न दिसणारा इन्फ्रारेड टिपतात, झाडाची पानं तो भरपूर परत फेकतात, आणि तो दाखवायला लाल रंग वापरतात, म्हणून अशा फोटोत सुंदरबन रक्तासारखं लाल दिसतं. (सुंदरबन मात्र त्यातही ओळखू येतं, कारण जंगल आणि शेती यांची हद्द सुरीनं कापल्यासारखी.) आणि खरेच रंग असले तरी पाणी दगा देतं. लोणारचं पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झालं तेव्हा बातम्यांचा धुरळा उडाला होता, खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जिवांचा तो रंग. अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकचं अर्धं पाणी कायमच तसं असतं, उत्तरेकडं गुलाबी आणि दक्षिणेकडं निळं-हिरवं, आणि मधे पट्टीनं मारल्यासारखी सरळ रेघ. तळ्यात अशी सरळ रेघ निसर्ग मारत नाही, तो रेल्वेचा भराव आहे, १९५० च्या दशकात घातलेला. मोठ्या नद्या सगळ्या भरावाच्या दक्षिणेकडच्या भागात येऊन मिळतात, भरावामुळं गोडं पाणी पलीकडं नीट पोचत नाही, म्हणून उत्तरेचं पाणी जास्त खारट.

डोंगरदऱ्यांचे फोटो आले की एक छोटी युक्ती करा, मोबाईल उलटा धरा. लँडसॅट आपल्या डोक्यावरून सकाळी दहाच्या सुमाराला जातो, त्यामुळे उत्तर गोलार्धात बहुतेक वेळा उजेड आग्नेयेकडनं, म्हणजे उत्तर वर ठेवलेल्या फोटोत खालून उजवीकडनं येतो. आपल्या मेंदूला उजेड वरनं यायची सवय. मग दरी डोंगर वाटते आणि डोंगर दरी. हरिश्चंद्रगडाचा असा एक फोटो होता, कोकणकडा चक्क खंदकासारखा. फोन फिरवला की एका क्षणात सगळं जागेवर.

हे झालं सॅटेलाइटचं. स्पेस स्टेशनवरून माणसानं हातात कॅमेरा घेऊन काढलेले फोटो म्हणजे निराळीच डोकेदुखी. तिथं वर-खाली असलं काही नसतंच. १९७२ साली अपोलो-१७ मधून काढलेला पृथ्वीचा तो जगप्रसिद्ध अख्खा गोळा, त्यात मुळात दक्षिण ध्रुव वर होता, आपल्याला बरं वाटावं म्हणून फिरवून छापला. स्टेशन ४०० किलोमीटरवरून दीड तासात पृथ्वीला एक चक्कर मारतं, म्हणजे अंतराळवीरानं लेन्स बदलेपर्यंत खाली दुसरा देश. फोटो कधी काढला त्याची वेळ कॅमेऱ्यात असते, त्यावरून स्टेशन तेव्हा कशाच्या वर होतं ते काढता येतं. पण कॅमेरा कुठल्या बाजूला रोखला होता ते कुठं लिहिलेलं असतं? स्टेशन सौदीवर आणि फोटो इराणचा, असं सर्रास. यामुळं हजारो फोटो "कुठला तुकडा" हे माहीत नसलेलेच पडून असतात, आणि रात्रीच्या शहरांच्या फोटोंसाठी तर माद्रिदच्या विद्यापीठातल्या लोकांनी २०१४ मध्ये लोकांचीच मदत मागितली, सिटीज ॲट नाइट नावाचा प्रकल्प. आमचा रविवारचा टाइमपास तिकडं संशोधन म्हणून चालतो. एक गोष्ट मात्र मदतीला येते, स्टेशनची कक्षा ५१.६ अंश अक्षांशाच्या पलीकडं जात नाही, म्हणून फोटो अगदी सरळ खाली बघून काढलेला असेल तर ओस्लो, मॉस्को आपोआप बाद.

रात्रीच्या फोटोत अण्णांचं काही चालत नाही, बांध दिसत नाहीत ना. तिथं मास्तरीणबाई पुढं. दिव्यांचा रंग बघायचा असतो. जुन्या फोटोत जपानची शहरं निळसर-हिरवट, कारण तिकडं पाऱ्याच्या वाफेचे दिवे फार होते. अमेरिकेची चौकडी तेव्हा नारिंगी. २०१३ मध्ये क्रिस हॅडफिल्ड या अंतराळवीरानं बर्लिनचा फोटो काढला होता, त्यात पूर्वेकडचं अर्धं शहर पिवळं आणि पश्चिमेचं पांढरट, भिंत १९८९ मध्ये पडली पण दिवे आपापल्या जागी. आपली आणि पाकिस्तानची सीमा तर नकाशासारखी नारिंगी रेघ, कुंपणाचे फ्लडलाइट. आणि समुद्रात हिरवे दिवे दिसले की थायलंडचं आखात. २०१४ मध्ये रीड वाइझमन या अंतराळवीरानं स्टेशनवरून बँकॉकचा फोटो टाकला होता आणि त्या हिरव्या दिव्यांचं काय ते त्यालाही सांगता आलं नव्हतं. ते माकूल (स्क्विड) पकडणाऱ्या बोटींचे दिवे, हिरव्या उजेडाला माकूल वर येतो. वर बसलेल्या माणसाला कळेना आणि खाली रत्नागिरीच्या एखाद्या खलाशानं एका मिनिटात सांगितलं असतं.

कुणाला घरी खेळायचं असेल तर कोपर्निकस ब्राउझर नावाची वेबसाइट फुकट आहे, जगाचे सेंटिनेलचे फोटो तारखेनुसार मिळतात. जागा शोधा, स्केल आणि नावं कापा, फोटो फिरवा (हे महत्त्वाचं), टाका. आमच्याकडं गुगल लेन्स वापरणाऱ्याला पुढच्या रविवारची भजी आणावी लागतात, कॅनडावाला यातून सुटतो यावर वाद चालू आहे.

आणि आता एक तुम्हाला. समुद्र खाली, निळा, उथळ नाही. मागं तपकिरी कोरडे डोंगर, त्यांच्यावर झाड दिसत नाही. आणि समुद्र आणि डोंगर यांच्या मधल्या सपाटीवर पांढरंफेक, बर्फ पडल्यासारखं, हजारो हेक्टर, किनाऱ्यापर्यंत. बर्फ नाही. मीठही नाही. झूम केलं की त्या पांढऱ्याचे लहान लहान तुकडे दिसतात, एकाला एक खेटून, मधे जेमतेम गाडी जाईल एवढी वाट. युरोप आहे एवढं सांगतो. अण्णांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, "खाली काय पिकतंय?", नाशिककडच्या द्राक्षवाल्यांना तर एवढ्यावरच कळायला पाहिजे.